खुले पत्र: बोट सुटायच्या आधी कोणी पाहते का, साहेब?

मा. पर्यटन मंत्री साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यातला धानाचा शेतकरी. हे पत्र उजव्या हाताच्या अंगठ्यानं मोबाईलवर टाईप करून राहिलो, दोन दिवस लागले, चुकाभूल माफ करा. डाव्या हाताची दोन बोटं अजून वळत नाहीत. ते कसं झालं तेच सांगायचं आहे.

मे महिन्यात मालवणला आमची बोट भर पाण्यात बंद पडली, तिची तक्रार मी तिथंच दिली होती. काल दुपारी धानाच्या बांधीत चिखलणी चालू होती अन् मेसेज आला, "आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे." बस. काय चौकशी केली, कोणाला विचारलं, बोट पाहिली का नाही, काहीच नाही. तक्रार करणाऱ्याला एक फोन नाही अन् तक्रार निकाली. तिथल्या साहेबानं तोंडानं सांगितलं होतं, पंधरा दिवसांत कळवतो म्हणून. आज 71 वा दिवस. मी कॅलेंडरवर खुणा करून ठेवल्या आहेत.

आम्ही बारा जण, शाळेत एका वर्गातले. दोन वर्षं दर महिन्याला पाचशे रुपयाची भिशी टाकली ती या एका सहलीसाठी, कारण बारापैकी अकरा जणांनी समुद्र पाहिलाच नव्हता. उन्हाळी धान निघाला अन् मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात नागपूरवरून मडगावची गाडी पकडली, चोवीस तासांच्या जवळपास बसून कुडाळला उतरलो, तिथून मालवण. स्कुबाचं ठरलं माणशी हजार रुपयात, फोटो व्हिडिओ धरून. सीझन संपत आला होता, मेच्या शेवटी पाण्यातले खेळ बंद होतात, त्यामुळे किनाऱ्यावर नुसती घाई, एक बोट आली की दुसरी भरली.

एक गोष्ट खरी सांगतो, पाण्याखाली जे पाहिलं ते जन्मात विसरणार नाही. नाक काचेच्या मास्कमध्ये बंद, श्वास फक्त तोंडातल्या नळीनं, पहिला एक मिनिट जीव घाबराघुबरा झाला पण शिकवणाऱ्या पोरानं हात सोडला नाही. पिवळ्या काळ्या पट्ट्यांचे मासे डोळ्यासमोरून गेले. आमच्यातला एक ढिवर समाजाचा, लहानपणापासून धरणात जाळं टाकतो, तो वर आला अन् किती वेळ बोललाच नाही. मग म्हणे, "आपण आजवर मासा जाळ्यात तडफडतानाच पाह्यला गा, फिरताना आज पाह्यला." पाण्यात उतरवणारी पोरं चांगली होती, त्यांच्यावर माझा राग नाही. हे मुद्दाम लिहितो कारण चौकशी झालीच तर सगळ्यात आधी त्यांच्याच पोटावर पाय येईल.

आमचा शेवटचा गडी वर आला, बोटीचं मशीन चालू झालं, निघालो. मी मागंच बसलो होतो मशीनजवळ. त्या मशीनमधून पाण्याची एक बारीक धार सारखी बाहेर पडते, ती थंड करणाऱ्या पाण्याची. आमच्या वावरातल्या डिझेल इंजिनलाही पाणी फिरतेच की, ते बंद झालं की हेड तापते, मी तीनदा गॅस्केट बदललं आहे, म्हणून माझी नजर त्या धारेवरच होती. धार करंगळीएवढी होती ती सुतळीएवढी झाली, मग थेंब थेंब. मी म्हटलं, "भाऊ, पाणी येऊन नाही राहिलं." तो म्हणाला, "काय होना नाय, बसा." दोन मिनिटात शिट्टीसारखा बारीक आवाज सुरू झाला, जळक्या रबराचा वास आला अन् मशीन बंद. त्यानं दोरी ओढली, पुन्हा ओढली, वरचं झाकण काढलं, पुन्हा ओढली. वीसेक वेळा तरी ओढली असेल. बोटीत एकदम सगळे गप्प झाले.

बोटीत आम्ही बारा अन् त्यांचे पाच. जॅकेटं मी मोजली, दहा. त्यातल्या तीनाचे बक्कल तुटलेले, दोरीनं गाठ मारून बांधलेले. वायरलेस नाही. मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले. अन् वारा आम्हाला किल्ल्याकडच्या खडकांकडे ढकलून राहिला होता. त्यांनी नांगर टाकला. आमच्याकडे नांगर म्हणजे जमीन फाडणारा, तिथं नांगर म्हणजे बोटीला धरून ठेवणारा, पण नांगर कोणताही असो त्याची दोरी तरी धड पायजे ना? ती कुजलेली होती, दोन झटक्यात तुटली. ढिवर मित्र ओरडला, "वल्हं काढा, वल्हं!" वल्हं नव्हतंच. आमच्या गावच्या डोंग्यात, म्हणजे लाकडी नावेत, मशीन नसते पण वल्हं अन् बांबू असल्याशिवाय डोंगा काठ सोडत नाही. त्यानं बसायची फळी उपटली अन् तिनं पाणी मारत बसला, दुसऱ्या बाजूनं आम्ही पायात घालायचे ते रबरी पंजे हातात घेऊन पाणी मारलं. चाळीस मिनिटं. मी घड्याळ पाहत होतो. खडकावर फुटणारं पाणी तोंडावर उडून राहिलं होतं अन् मला एवढंच आठवत होतं की पोरीच्या बारावीच्या फीचे पैसे मी कपाटात कुठं ठेवले ते बायकोला सांगितलं नाही.

दुसऱ्या एका बोटीवाल्यानं पाहिलं अन् आला. दोरी फेकताना लाट आली, दोन्ही बोटी एकमेकीवर आदळल्या अन् मधे माझा डावा हात. हाडाचा आवाज मला ऐकू आला. बोटीत औषधाचा डबा नव्हता, एका पोरानं आपला ओला टॉवेल गुंडाळला. दवाखान्यात प्लास्टर, मग चोवीस तास गाडीत हात वर धरून, मग नागपूरला ऑपरेशन. आत्तापर्यंत 46 हजार गेले, त्यातले वीस हजार व्याजानं काढले आहेत. रोवणीचे, म्हणजे धान लावायचे दिवस आहेत साहेब, पऱ्ह्याची, म्हणजे रोपांची पेंढी मला एका हातानं सोडवता येत नाही. गडी लावला आहे, त्याची मजुरी वेगळी. रात्री झोपेत तो शिट्टीचा आवाज येते अन् मी उठून बसतो.

त्याच दिवशी हात बांधलेला घेऊन मी तक्रार द्यायला गेलो. तिथल्या साहेबानं पहिला प्रश्न काय विचारला सांगू? "कोणी दगावलं का?" मी म्हटलं नाही. "मग चांगलंच आहे ना." त्यानंतर नाव लिहून घेतलं, नंबर घेतला, पंधरा दिवस सांगितले. नंतर फोन केला तर म्हणतात समक्ष या. भंडाऱ्यापासून मालवण हजार किलोमीटरच्या आसपास आहे. समक्ष येऊ तर रोवणी कोण करेल?

म्हणजे माणूस मेल्याशिवाय तुमच्याकडे घटना घडतच नाही का? बरं, मेल्यावर तरी काय झालं? 24 मे 2022 ला तारकर्लीला स्कुबावरून परत येणारी बोट बुडाली, वीसेक पर्यटक होते, दोन जण गेले, त्यातला एक आमच्या विदर्भातला, अकोल्याचा. त्यानंतर पेपरात किती नियम आले. आता कडक तपासणी, आता कारवाई. मग यंदा मे महिन्यात दहा जॅकेटांवर सतरा माणसं घेऊन, वल्ह्याशिवाय, कुजक्या दोरीनं आमची बोट सुटली ती कोणाच्या डोळ्यासमोरून सुटली? डिसेंबर 2024 मध्ये मुंबईत एलिफंटाला चाललेल्या बोटीवर इंजिनाची चाचणी करणारी स्पीडबोट आदळली, 15 माणसं गेली, अन् लगेच सगळ्यांना जॅकेट सक्तीचं झालं. त्याच्या आदल्या दिवशी काऊन नव्हतं? तिथं मशीनची चाचणी भर वाहतुकीत केली, आमच्या बोटीची चाचणी केलीच नाही, दोन्हीकडं भोगलं ते बसलेल्यांनी. 720 किलोमीटरचा किनारा आहे म्हणून आम्ही शाळेत पाठ केलं, त्यावर मशीन तपासणारी माणसं किती आहेत ते एकदा जाहीर करा.

अन् हे फक्त समुद्राचं नाही. 14 सप्टेंबर 2021 ला वरूड तालुक्यात वर्धा नदीत नाव उलटली, दशक्रियेला आलेले नात्यातले 11 जण गेले. जानेवारी 2024 मध्ये चामोर्शी तालुक्यात मिरची तोडायला चाललेल्या बायांचा डोंगा वैनगंगेत उलटला, 6 बाया गेल्या, दोनतीनशे रुपये रोजासाठी. पेपरात बातम्या आल्या, फोटो निघाले. त्या घाटावर आज जॅकेट आहेत का, जाऊन पाहिलं कोणी? आमचं वैनगंगेवरचं गोसीखुर्द धरण घ्या. 22 एप्रिल 1988 ला राजीव गांधींच्या हातानं भूमिपूजन झालं, तेव्हा खर्च धरला होता 372 कोटी, आता आकडा हजारो कोटींत आहे. 33 दारांचं धरण उभं झालं, गावं उठली, वावरं पाण्यात गेली, ज्यांची उरली त्यांच्या मधे बॅकवॉटर आलं. पूल मागून मागून आमचे म्हातारे मेले. अन् आता त्याच पाण्यावर जलपर्यटन आणायचं म्हणून भाषणं ऐकून राहिलो आम्ही. आणा ना, आमच्या पोट्ट्यांना काम भेटेल, मला आनंदच आहे. पण इथं मशीन कोण तपासणार? तोच साहेब, जो विचारते कोणी दगावलं का?

मला भरपाई पाहिजे, नाही म्हणत नाही, 46 हजार माझ्यासाठी थोडे नाहीत. पण त्याच्या आधी एवढं करा. बोट सुटायच्या जागी एक माणूस उभा करा, सरकारी, त्याच्या हातात वही. माणसं मोजली, जॅकेटं मोजली, बक्कल ओढून पाहिलं, मशीन चालू करून पाण्याची धार पाहिली, वल्हं आहे, दोरी धड आहे, मग सही अन् मग बोट. यात सॅटेलाईट लागत नाही, कन्सल्टंट लागत नाही. पाच मिनिटं लागतात. हेच मालवणला करा अन् हेच वैनगंगेच्या घाटावर करा, कारण पर्यटकाचा जीव हजार रुपयाचा अन् रोवणीच्या बाईचा जीव फुकटचा असं तर काही नसेल ना तुमच्या कागदात? अन् माझी तक्रार पुन्हा उघडा. ज्यानं ती निकाली काढली त्यानं कोणत्या तारखेला ती बोट पाहिली तेवढं लेखी कळवा.

उद्या सकाळी सात वाजता आमच्या घाटावरून डोंगा सुटेल, पलीकडच्या बांध्यांत रोवणी आहे. बारा बाया राहतील, त्यात माझी बायको. मालवणवरून आल्यावर भिशीच्या उरलेल्या पैशातून आम्ही नागपूरवरून सहा जॅकेटं आणली आहेत. अजून सहा पाहिजेत.

आपला,
पवनी तालुक्यातला एक धान उत्पादक