एका सॅकेत बंगळूर

पुणे, रविवार

प्रिय विलास,

काल फोनवर तू मोठी बॅग, छोटी बॅग आणि लाडवांची पिशवी असे तीन नग सांगितलेस, तेव्हापासून तुझ्या कमरेचीच काळजी लागली आहे. जड उचलायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय, वहिनी आधीच बंगळूरला लेकीकडे गेल्यात आणि तू नातीच्या बारशासाठी नागपूरहून विमानाने एकटा निघणार. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मोठी बॅग नेऊच नकोस. उतरल्यावर चालत्या पट्ट्यावरून ती वाकून, एका झटक्यात ओढून घ्यावी लागते. तुझ्या मणक्याला याहून वाईट काही नाही. हातातल्या बॅगेला बहुतेक कंपन्या सात किलो देतात हे खरं, पण ते सात किलो डोक्यावरच्या कप्प्यात चढवणार कोण? तू काही कुणाला हात लावायला सांगणार नाहीस, मला तुझा स्वभाव माहीत आहे. तेव्हा पुढच्या सीटखाली सरकेल अशी मऊ सॅक घे. चाकांच्या कडक बॅगेचं रिकामं वजनच अडीच-तीन किलोपर्यंत जातं, साध्या सॅकेचं किलोच्या आत राहतं. भरून सगळं मिळून पाचच्या वर जाऊ देऊ नकोस. आणि सीट निवडताना पहिली रांग आणि आणीबाणीच्या दाराजवळची रांग टाळ. पाय पसरायला जागा मिळते, पण तिथे पायाशी सामान ठेवू देत नाहीत, सगळं वर टाकायला लावतात. पॅसेजकडची सीट घेतलीस तर मधे उठून चार पावलं चालताही येईल.

आता लाडू. माईंनी बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू केलेत म्हटल्यावर ते जायलाच हवेत, त्यात काटछाट नको. फक्त स्टीलचा डबा नको, त्याचंच वजन फार होतं. पातळ प्लॅस्टिकच्या डब्यात, मधे बटरपेपर घालून दोन थर लाव आणि डबा सॅकेत अगदी वर ठेव. तपासणीच्या वेळी उघडायला सांगितलं तर सगळी सॅक उपसावी लागणार नाही. मेतकूट पुडीत बांधून ने. तूप आणि लोणचं मात्र राहू दे; तूप पातळात धरतात, लोणच्याला तेल सुटतं, त्यावरून तिथे हुज्जत घालत उभं राहणं तुला झेपायचं नाही.

ओटीचा नारळही नागपूरहून नको. हातातल्या सामानात तो चालत नाही. 2024 च्या ऑक्टोबरात केरळातल्या शबरीमलाच्या यात्रेकरूंना इरुमुडीतला, म्हणजे डोक्यावरून नेतात त्या पूजेच्या गाठोड्यातला, नारळ केबिनमध्ये न्यायची सवलत दिली होती, तीही 20 जानेवारी 2025 पर्यंतच. बंगळूरला नारळाला काय तोटा! मल्लेश्वरमच्या बाजारात ओटीचं सगळं सामान मिळेल.

बाळाचे चांदीचे वाळे मात्र सॅकेच्या आतल्या चेनच्या कप्प्यात, तुझ्या औषधांच्या शेजारी. औषधं पट्ट्यांसकट घे, डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये असू दे. पॉवर बँक हातातल्या सामानातच लागते.

कपड्यांचं म्हणशील तर लेकीच्या घरी वॉशिंग मशीन आहे आणि तिथे तुला रोज बाहेर पडायचं नाही. अंगावर एक जोड, सॅकेत दोन, बारशासाठी तो मोतिया झब्बा. झब्ब्याची घडी न घालता तो पायजम्याभोवती गुंडाळ, चुरगळणार नाही. डिसेंबरात तिकडे पहाटे गारवा असतो, पण तुझा अर्ध्या बाह्यांचा स्वेटर पुरेल आणि तो अंगातच घाल. बूट पायात, चपला तिथे जावयाच्या वापर. टॉवेल, साबण, तेल यातलं काहीही नेऊ नकोस. मुलीच्या घरी जातोयस, संकोच कसला?

माईंनी शिवलेली दुपटी आणि कुंची लाडवांच्या डब्याभोवती लाव, जागाही वाचेल आणि डबाही हलणार नाही. खेळणी, पाळण्यावरचं चिमणाळं हे सगळं माझ्याकडे कुरिअर कर. मी पुढच्या महिन्यात मोटारीने जाणार आहे, तेव्हा पोचवतो.

निघायच्या आदल्या रात्री वजनकाट्यावर आधी एकटा उभा राहा, मग सॅक पाठीला लावून. जो फरक येईल तो मला फोन करून सांग. पाचच्या वर असेल तर काय काढायचं ते मी सांगतो. लाडू सोडून.

माईंना साष्टांग नमस्कार, नातीला अनेक आशीर्वाद.

तुझा,
अरुण