लॉ क्लार्कला मराठी दस्त वाचता यावेत

मा. संपादक,

उच्च न्यायालयातील सचिव, लिपिक नेमण्याचा अधिकार सरकारकडे नाही. राज्यघटनेच्या कलम २२९ नुसार तो मुख्य न्यायमूर्तींचा, किंवा ते सांगतील त्या न्यायमूर्ती वा अधिकाऱ्याचा. पगार, रजा, पेन्शनच्या नियमांना तेवढी राज्यपालांची मंजुरी लागते.

बेळगाव, खानापूर, निपाणीची अपिले कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठापुढे जातात. १९५६ पर्यंत हा भाग मुंबई राज्यात असल्याने जुनी खरेदीखते, वाटणीपत्रे मराठीत, काही तर मोडी लिपीत आहेत. भाषांतरात ‘मुदत खरेदी’चे (ठरल्या मुदतीत परत विकत घेण्याची अट असलेल्या विक्रीचे) ‘गहाण’ झाले की जमिनीचा हक्कच फिरतो. मूळ कागद वाचणारा लॉ क्लार्क, म्हणजे न्यायमूर्तींचा कायदेविषयक मदतनीस, ही चूक तिथेच पकडेल. धारवाडसाठीच्या भरतीत मराठी वाचनाची अट घालावी, मोडी येणाऱ्यास प्राधान्य द्यावे, ही मुख्य न्यायमूर्तींना कळकळीची विनंती.

– एक वकील, बेळगाव