‘सोलारिस’ म्हणजे अंतराळातली प्रेमकथा नव्हे

कादंबरीवरून चित्रपट करताना बदल होणारच. पण जाहिरात लेखकाचा विचारच पुसून टाकते, तेव्हा वाचकांनी बोलायला हवे. पोलिश लेखक स्तानिस्लाव लेम यांची ‘सोलारिस’ ही कादंबरी १९६१ची. सोलारिस या ग्रहावरच्या सजीव महासागराचा माणूस पिढ्यान्‌पिढ्या अभ्यास करतो, ग्रंथच्या ग्रंथ लिहितो, तरी तो त्याला उमगत नाही. जे आपल्यासारखे नाही, ते आपल्या कल्पनांत बसवताच येत नाही, हे लेम यांचे म्हणणे. स्टीव्हन सोडरबर्ग यांचा २००२चा चित्रपट मात्र नायक (जॉर्ज क्लूनी) आणि त्याची परतलेली मृत पत्नी यांची प्रेमकहाणी म्हणून विकला गेला. पोस्टरवर दोघांचे जवळ आलेले चेहरे! लेम यांनी चित्रपट पाहिला नव्हता, परीक्षणे मात्र वाचली होती. पुस्तकाचे नाव ‘सोलारिस’ आहे, ‘अंतराळातले प्रेम’ नव्हे, असे त्यांनी जाहीरपणे बजावले. एवढे करून प्रेमकथेच्या आशेने आलेला अमेरिकी प्रेक्षकही नाराजच झाला. चित्रपटाचे पोस्टर मुखपृष्ठावर छापून जुन्या कादंबऱ्या पुन्हा काढणाऱ्या प्रकाशकांनी तरी मलपृष्ठावर लेखकाचा मूळ विषय स्पष्ट सांगावा.

– एक वाचक, नाशिक