पहाटेच्या डर्बीसाठी काकांस जाहीर आभारपत्र

सोलापूर

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

मे महिन्याचा पहिला शनिवार आता अगदी जवळ आला आहे. अमेरिकेतील लुईव्हिल येथे चर्चिल डाउन्सच्या मैदानावर त्या संध्याकाळी केंटकी डर्बी ही घोड्यांची शर्यत सुटेल, तेव्हा आपल्याकडे रविवारची पहाट असेल आणि मी नेहमीप्रमाणे साडेचारच्या आधीच मोबाइल घेऊन गच्चीवर बसलेला असेन. या वेडाचे मूळ आपण आहात. शर्यतीचे नाव काढताच आपल्याकडे लोकांना केवळ जुगार आठवतो. आपण मला दिलेली गोष्ट त्याहून निराळी आहे, हे चार जणांना कळावे म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सच्या तबेल्यांत मोतद्दार म्हणून, म्हणजे घोड्यांची निगा राखत, उमेदीची वर्षे घालवून आपण सोलापुरात परतलात आणि आमचे शेजारी झालात. तोवर शर्यत म्हणजे शेवटच्या वळणानंतरचा आरडाओरडा, एवढीच माझी समज होती. आपण पहिली अट घातलीत ती पैसे न लावण्याची, आणि दुसरी, पहिल्या दोन फर्लांगांत (एक फर्लांग म्हणजे सुमारे दोनशे मीटर) घोड्यांकडे न पाहता घड्याळाकडे पाहण्याची. अखेरीस मुसंडी मारताना दिसणारा घोडा बहुधा वेग वाढवत नसतो, बाकीचे दमलेले असतात, असे आपण सांगितलेत तेव्हा मला ते पटले नव्हते.

पटले ते ८ मे २०२२ च्या पहाटे. महालक्ष्मीची डर्बी फेब्रुवारीत, चार वर्षांच्या घोड्यांची असते. केंटकीत धावतात ती तीन वर्षांची पोरे, आणि दहा फर्लांगांचे अंतर त्यांतील बहुतेकांनी आधी कधी तोडलेलेच नसते. त्या दिवशी पहिले दोन फर्लांग २२ सेकंदांच्याही आत संपले आणि आपण शांतपणे म्हणालात, "पुढचे मेले." म्हणजे एवढ्या वेगाने निघालेले शेवटी दमणार. एका घोड्याने माघार घेतल्यामुळे आदल्या दिवशी ऐनवेळी आत आलेला, सुरुवातीच्या फाटकाच्या विसाव्या गाळ्यातून सुटलेला, एकास ऐंशी भावाचा, म्हणजे जिंकण्याची फारशी आशा कुणाला नसलेला रिच स्ट्राइक हा घोडा, एपिसेंटर आणि झँडन या दोन घोड्यांच्या झुंजीत आतल्या बाजूने घुसून पुढे निघून गेला. तो जिंकेल असे आपणही म्हणाला नव्हतात, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. पण तो का जिंकू शकला, हे मला त्याच क्षणी समजले.

याला अपवाद नाहीच का, असे मी पुढे विचारले, तेव्हा आपण सेक्रेटेरिएट या घोड्याचे नाव घेतलेत. १९७३ च्या डर्बीत त्याचा दर दोन फर्लांगांचा तुकडा आधीच्यापेक्षा कमी वेळात धावून झाला होता. पहिला पंचवीस सेकंदांहून थोडा अधिक, तर शेवटचा तेवीस. एकूण १ मिनिट ५९.४ सेकंद, आणि तो विक्रम पन्नास वर्षांनंतरही टिकून आहे. तो पुढे बेलमाँट ही शर्यत ३१ लांबींनी, म्हणजे घोड्याच्या शरीराच्या ३१ पट अंतराने, जिंकला, हे सर्वांना ठाऊक असते. मला मात्र आपण कागदावर लिहून दिलेले ते पाच आकडे अधिक थोर वाटतात. तो कागद अजून माझ्या पाकिटात आहे.

जनावराच्या पायांविषयी आपण सांगितलेले सारे इथे मांडणे शक्य नाही. पॅडॉकमध्ये, म्हणजे शर्यतीआधी घोडे फिरवतात त्या आवारात, घाम कुठे फुटला आहे ते पाहावे, एवढे मात्र मी आता न विसरता करतो.

डर्बीनंतर प्रीकनेस ही शर्यत आहे, जूनमध्ये बेलमाँट आहे. त्यांचे नंतर बघू. येत्या रविवारी पहाटे चार वाजता जिन्याचे दार उघडे ठेवतो. दिवसभर तापलेली गच्ची त्या वेळेपर्यंत निवलेली असते आणि चहा तयार असेल. गुडघ्यामुळे जिना चढवत नसेल, तर मीच मोबाइल घेऊन आपल्या ओसरीवर येईन. घड्याळ मात्र आपलेच हवे.

आपला नम्र,
वरच्या मजल्यावरील शेजारी