ट्रॅक्टरचं कूलंट बदलायचंय ना, त्याबद्दल

प्रिय आई-बाबा,

काल फोनवर बाबा बोलता बोलता म्हणाले की रोटाव्हेटर चालवताना टेंपरेचरचा काटा हल्ली थोडा वर जातो, आणि रेडिएटरमधलं पाणी चहासारखं तांबूस दिसतं म्हणून वरून साधं पाणी घालून भागवतोय. तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच फिरतंय, आणि फोनवर सगळं नीट सांगता येत नाही म्हणून लिहून पाठवतेय. आई, तू हे बाबांना मोठ्याने वाचून दाखव, कारण चष्मा शोधायच्या आधीच ते पाना घेऊन बाहेर गेलेले असतात.

बाबा, तुमचं म्हणणं मला माहितीये, की कूलंट, म्हणजे रेडिएटरच्या पाण्यात मिसळतात ते औषध, थंडीसाठी असतं, पाणी गोठू नये म्हणून, मग आपल्याला त्याची काय गरज. गोठू न देणं हे त्याचं एक काम आहे हे खरं, निम्मं कूलंट निम्मं पाणी असलं तर ते उणे 37 अंशांपर्यंत गोठत नाही. पण मी इथे रोज डिझेल इंजिनं उघडलेली बघते आणि माझ्या मते त्याचं मोठं काम गंज थांबवणं हे आहे. इंजिनचा ब्लॉक ओतीव लोखंडाचा, रेडिएटर तांब्या-पितळेचा नाहीतर ॲल्युमिनियमचा, असे वेगवेगळे धातू एकाच पाण्यात बसलेले असतात, आणि कूलंटमध्ये जी गंजरोधक रसायनं असतात ती या सगळ्यांना सांभाळतात. ती रसायनं वापरात हळूहळू संपतात, म्हणजे कूलंट दिसायला हिरवंगार असलं तरी आतून निकामी झालेलं असू शकतं. साधं हिरवं कूलंट म्हणूनच साधारण दोन वर्षांनी बदलतात, लाँग लाइफवालं जास्त टिकतं, आपल्या ट्रॅक्टरचं नक्की किती तासांनी ते पुस्तकात दिलेलं असेल. तुम्ही बघताय तो तांबूस रंग म्हणजे बहुतेक आतल्या लोखंडाचा गंज आहे. वरून बोअरचं पाणी घातलं की त्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांमध्ये बसत जातात, नळ्या अरुंद होतात आणि काटा वर जातो, मग तुम्ही अजून पाणी घालता, हे असं वाढतच जातं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गरम इंजिनवर रेडिएटरची कॅप उघडायची नाही, कधीच नाही, कितीही घाई असली तरी. त्या कॅपमधली स्प्रिंग आत दाब धरून ठेवते, साधारण 0.9 बार, त्यामुळे नुसतं पाणीसुद्धा 100 ऐवजी 118 अंशांच्या आसपास उकळतं. कॅप फिरवली की दाब एकदम जातो आणि आतलं पाणी त्याच क्षणी उकळून तोंडावर येतं, फडकं धरलं तरी. बाबा, फडकं धरून हळूच उघडतो हे मी तुमच्याकडून बऱ्याचदा ऐकलंय आणि दर वेळी माझा जीव खालीवर होतो. त्यामुळे हे काम सकाळी करा, ट्रॅक्टर रात्रभर उभा राहिल्यावर, सपाट जागेवर, हँडब्रेक ओढून आणि चाकाला दगड लावून. आणि खाली उकिडवं बसायचं नाही, गुडघ्यांचं काय ते तुम्हाला माहितीये, छोटं स्टूल घ्या.

कॅप आधी काढा म्हणजे हवा आत जाते आणि कूलंट भराभर निघतं. रेडिएटरच्या खाली पसरट घमेलं ठेवा, ड्रेन कॉक हळू सोडा, जोर लावू नका, जुने कॉक पटकन तुटतात. कॉक नसेल तर खालच्या होसचा क्लॅम्प सैल करा. एवढ्यावर काम झालं असं बरेच जण समजतात, पण इंजिन ब्लॉकमध्ये बरंच जुनं कूलंट राहतं, त्याचा ड्रेन प्लग वेगळा असतो, ब्लॉकच्या बाजूला, तोही काढायचा, कुठे आहे ते पुस्तकात चित्र बघून शोधा.

आई, हे तुझ्यासाठी. निघालेलं कूलंट लगेच झाकणाच्या कॅनमध्ये भरून, त्यावर मोठ्या अक्षरात विष असं लिहून, पोरांचा हात पोचणार नाही तिथे ठेव. ते गोडसर लागतं म्हणून कुत्री-मांजरं चाटतात, आणि थोडं जरी पोटात गेलं तरी मूत्रपिंडं निकामी होतात. मोरीत किंवा झाडाच्या बुंध्याशी अजिबात ओतू नका, खाली सांडलं असेल तिथे माती टाकून ती माती उचलून घ्या. गॅरेजवाले जुनं कूलंट घेतात का ते मी बघते, तोवर कॅन तसाच राहू दे.

मग साधं स्वच्छ पाणी भरून इंजिन गरम होईपर्यंत चालवायचं, बंद करून पूर्ण गार होऊ द्यायचं, पुन्हा सोडायचं. पाणी स्वच्छ निघेपर्यंत हेच करत राहायचं, एका दिवसात नाही झालं तर दुसऱ्या दिवशी. होस दाबून बघा, चिरा पडलेल्या असतील किंवा मऊ लागले तर आत्ताच बदला. रेडिएटरच्या जाळीत अडकलेला भुसा इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेला हवा मारून काढा, उलटं केलं तर तो अजून घट्ट बसतो.

भरताना एक गोष्ट लक्षात ठेवा. धुतलेलं थोडं पाणी आत राहतंच, म्हणून निम्मं-निम्मं आधी मिसळून ओतलं तर शेवटी कूलंट कमी पडतं. पुस्तकात एकूण किती लिटर लिहिलंय त्याच्या निम्मं कूलंट आधी ओता, मग उरलेली जागा डिस्टिल्ड वॉटरने भरा. हे घट्ट, म्हणजे पाणी न मिसळलेल्या कूलंटचं झालं. डब्यावर रेडी मिक्स लिहिलं असेल तर त्यात पाणी घालायचं नाही, आणि तेव्हा ब्लॉकमधलं धुतलेलं पाणी जमेल तेवढं काढूनच ते ओता. नुसतं घट्ट कूलंट भरलं तर जास्त चांगलं असंही नाही, पाणी उष्णता जास्त वाहून नेतं, म्हणून दोन्ही लागतं. आणि रंग बघून कूलंट घेऊ नका, हिरवा-लाल-निळा हा कंपनीचा आपला रंग असतो, प्रकार कुठला ते डब्यावर वाचा आणि दोन प्रकार एकत्र करू नका.

ओतताना हळू, मध्ये मध्ये वरचा होस हाताने दाबत राहा म्हणजे अडकलेली हवा बुडबुड्यांनी निघते. मग कॅप न लावता इंजिन मंद चालू ठेवा, तोंड लांब ठेवून, आणि पंख्यापासून बाह्या दूर. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप, उघडला की वरचा होस एकदम गरम होतो आणि पातळी खाली जाते, तेवढं भरा आणि कॅप लावा. हवा आत राहिली तर काटा खोटं दाखवू शकतो, कारण सेन्सर पाण्याऐवजी हवेत असतो आणि हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, मात्र तापत राहतं. म्हणून पहिल्या दिवशी रोटाव्हेटर जोडू नका, थोडं हलकं काम करा, दुसऱ्या दिवशी सकाळी गार असताना पातळी पुन्हा बघा, रिझर्व्ह टाकीतही खुणेपर्यंत भरा. आई, तारीख आणि मीटरवरचे तास तुझ्या वहीत लिहून ठेव.

जुनं कूलंट घमेल्यात पडलं की त्याचा फोटो मला पाठवा. वर तेलाचा तवंग दिसला, किंवा इंजिन ऑइलची डिपस्टिक ताकासारखी पांढरट निघाली, तर हेड गॅस्केट, म्हणजे ब्लॉक आणि हेडमधली सील, गेलेलं असू शकतं, मग पुढे काही भरू नका आणि इंजिन चालूही करू नका, आधी मला फोन करा.

तुमची,
छकू