बाटलीत किती गोळ्या उरल्या ते कळव

मिरज

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री फोन ठेवला आणि मग झोप लागली नाही. तू किती सहज सांगितलंस, "बाबा, फेनेल्झिन कुठेच मिळेना झालंय. चारऐवजी तीन घेतेय, पुरवून पुरवून." मी नुसतं "बरं, बघू" म्हणालो. पस्तीस वर्षं औषधाच्या दुकानात उभा राहिलेला माणूस मी, आणि पोटच्या पोरीला एवढंच म्हणालो. फोनवर मला पटकन सुचत नाही. म्हणून रात्रीच लिहायला बसलोय. सकाळी आई फोटो काढून पाठवील.

आधी महत्त्वाचं. गोळ्या अशा स्वतःच्या मनाने पुरवू नकोस. डोस कमी करायचाच असेल तर तो डॉक्टरांनी ठरवून, हळूहळू करायचा. डिप्रेशनवरचं हे औषध एकदम तुटलं तर भयंकर स्वप्नं पडतात, जीव तगमगतो, क्वचित डोकं ठिकाणावर राहत नाही. तसं काही झालं तर तुला वाटेल, जुनं दुखणं उलटलं. डॉक्टरांनाही वाटेल. आणि तू गोळ्या कमी केल्यात हे त्यांना माहीतच नसेल, तर पुढचा सगळा हिशेब चुकेल. उद्या सकाळी त्यांच्याकडे फोन कर आणि बाटलीत नेमक्या किती गोळ्या आहेत तो आकडा सांग. 'औषध संपत आलंय' असं मोघम सांगितलंस तर भेट पुढच्या महिन्यातली मिळेल. 'माझ्याकडे दहा दिवसांचं उरलंय' म्हटलं की ऐकणारा कॅलेंडर उघडतो.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. तू शाळेत होतीस तेव्हा आपल्या दुकानात एक मास्तर यायचे, दर महिन्याच्या पाच-सहा तारखेला. डिप्रेशनच्या गोळ्या, एकच ब्रँड, कितीतरी वर्षं. एकदा कंपनीने तो ब्रँड बंद केला. त्या दिवशी दुकानात गर्दी होती. मी मान वर न करता म्हणालो, "तो माल आता येत नाही, मास्तर." ते "बरं" म्हणून गेले. त्याच कंटेंटच्या दुसऱ्या कंपनीच्या गोळ्या माझ्या पाठीमागच्या फळीवर होत्या! मी वळून पाहिलं नाही, डॉक्टरांना विचारून या असंही म्हणालो नाही. दीड-दोन महिन्यांनी त्यांची बायको आली. मास्तर अंथरुणाला खिळले होते, शाळा सुटली होती, बोलणं बंद होतं. पुढे ते सावरले, पण त्या घराचे दोन महिने माझ्या एका वाक्याने गेले. त्यानंतर मी दुकानातल्या पोरांना 'येत नाही' एवढंच बोलून गिऱ्हाईक परत पाठवू दिलं नाही.

तुझ्या औषधाचं अवघड असं की त्याच कंटेंटची दुसरी कंपनी सहजी नाही. मी आज मुंबईच्या दोन स्टॉकिस्टना विचारलं, आपल्याकडे तो माल नाहीच. औषध जुनं, साठ वर्षांपूर्वीचं. घेणारे थोडे, फायदा थोडा, म्हणून बनवणारेही हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यातला एक कुठे अडकला की देशभर खडखडाट. तुझ्यासारख्यांची गरज मात्र त्याने कमी होत नाही, याची मला चीड येते. इंटरनेटवर कुठल्याही दुकानातून मागवू नकोस. त्या गोळीत काय भरलंय ते कोणाला ठाऊक? तुमच्याकडे इंग्लंडात फार्मसीतून 'स्पेशल' म्हणून परदेशातून मागवता येतं किंवा खास बनवून घेता येतं, पण त्याला डॉक्टरांची चिठ्ठी लागते आणि दिवस लागतात. म्हणूनच म्हणतो, उद्याच.

आता तुझ्या मनात जे आहे त्याबद्दल. 'सर्ट्रालिन झालं, व्हेन्लाफॅक्सिन झालं, मिर्टाझॅपिन झालं, हेच एक लागू पडलं होतं,' असं तू म्हणालीस आणि पुढे गप्प झालीस. ती गप्प बसण्याची जागा मला कळते. फेनेल्झिन सुरू होऊन सहावा आठवडा होता. तू फोन करून आईला विचारलंस, "भरल्या वांग्यात गूळ कधी घालायचा?" दोन वर्षांत तू खाण्याबद्दल काही विचारलं नव्हतंस. आईने नीट सांगितलं, फोन ठेवला, आणि गॅसपाशी उभी राहून रडली. ते औषध आमच्या घराला काय आहे, हे मला कोणी सांगायला नको.

पण तुझ्या औषधाला भाऊबंद आहेत. ट्रॅनिलसायप्रोमिन आणि आयसोकार्बॉक्साझिड ही त्याच घराण्यातली, तुझ्या औषधासारखीच शरीरातल्या मोनोअमाइन ऑक्सिडेज या एन्झाइमला बांधून ठेवणारी. मोक्लोबेमाइड जरा सौम्य, त्याची पकड सुटते, म्हणून त्यावर खाण्याची बंधनं कमी. तू आधी घेतलेली तिन्ही औषधं वेगळ्या रीतीने काम करणारी होती. ती चालली नाहीत म्हणून ही चालणार नाहीत असं होत नाही. चालतीलच असं वचनही मी देणार नाही, तुला खोटं सांगून काय करू? त्यापलीकडे लिथियमची जोड आहे, डोक्यावर चुंबक धरून करतात तो उपचार आहे, ईसीटी म्हणजे विजेच्या झटक्याचा उपचार आहे. ईसीटीचं नाव काढलं की लोक सिनेमे आठवतात, पण आता ती भूल देऊन करतात आणि फार खोल गेलेल्या माणसाला ती वर काढते. यातलं काय, ते डॉक्टर ठरवतील. तू फक्त 'आता काहीच उरलं नाही' असं ठरवून आत जाऊ नकोस.

तू राहतेस त्या नॉटिंगहॅममध्येच रो नावाचे एक फार्मासिस्ट होते. त्यांची बायको ट्रॅनिलसायप्रोमिन घ्यायची. चीज खाल्लं की तिचं डोकं फुटायची वेळ यायची, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी लंडनच्या बॅरी ब्लॅकवेल नावाच्या तरुण डॉक्टरांना पत्र लिहिलं. सुरुवातीला कोणाचा विश्वास बसेना, पण १९६३ साली ते सिद्ध होऊन छापून आलं. असलं औषध चालू असताना चीजमधल्या टायरामिन नावाच्या घटकाने रक्तदाब एकदम चढतो, ते यातूनच कळलं. १९६४ साली अमेरिकेत ते औषध बाजारातून काढलं आणि त्याच वर्षी खाण्यापिण्याच्या सूचनांसह परत आणलं, कारण काही माणसांना त्याच्याशिवाय दुसरं लागू पडत नव्हतं. तुझ्या फ्रिजवर चिकटवलेली 'हे खाऊ नये'ची यादी त्या पत्रातून निघाली आहे. एका केमिस्टच्या पत्रातून. मला ते फार मोलाचं वाटतं.

ती यादी अजून काढू नकोस. फेनेल्झिन थांबलं तरी शरीराला ते एन्झाइम नव्याने तयार करायला दोन आठवडे लागतात. तोवर जुनं चीज नाही, सोया सॉस नाही, मार्माइट नाही, आणि सर्दी-खोकल्याची कुठलीही बाटली फार्मासिस्टला विचारल्याशिवाय नाही. दुसरं औषधही साधारण तेवढं थांबूनच सुरू करतात, मग ते त्याच घराण्यातलं का असेना. दोन्ही एकमेकांवर आली तर जिवावर बेतू शकतं.

म्हणजे दोन आठवडे मधे मोकळे जाणार. मला भीती त्याच दिवसांची आहे, म्हणून ते तू एकटीने काढायचे नाहीत. आईचा व्हिसा मार्चपर्यंत आहे. पुढच्या गुरुवारचं मुंबईहून तिकीट सकाळी काढतो. नको म्हणू नकोस. ती तुला उपदेश करणार नाही, मी तिला बजावलंय. ती स्वयंपाक करील, तुझ्याबरोबर चालायला येईल आणि संध्याकाळी तू बोलली नाहीस तरी शेजारी बसेल. त्याआधी एखादी रात्र फार जड झाली, जगणंच नको असं मनात आलं, तर मिरजेत किती वाजलेत ते बघू नकोस. मी फोन उशाशी घेऊन झोपतो. आणि तिथे ११६ १२३ वर समॅरिटन्स ही ऐकून घेणारी हेल्पलाइन चोवीस तास असते, पैसे लागत नाहीत. जीव धोक्यात वाटला तर सरळ ९९९.

अजून एक, हे लिहायला मला जड जातंय. तू पहिल्यांदा आजारी पडलीस तेव्हा मी म्हणालो होतो, "असल्या गोळ्यांची सवय लागते, शक्यतो टाळ." जन्मभर गोळ्या विकून मी हे बोललो. तुझं एक वर्ष त्यात गेलं. आज गोळ्या पुरवताना तुझ्या मनात कुठेतरी 'सुटल्या तर बरंच' असं येत असेल, तर ते माझं वाक्य आहे. ते मी परत घेतो.

आईच्या बॅगेत मेतकूट आणि भाजणी टाकतोय. लोणचं टाकत नाही, ते डॉक्टरांना विचारून मग.

हे वाचलंस की मोठं उत्तर लिहू नकोस. दोनच आकडे पाठव. बाटलीत उरलेल्या गोळ्या, आणि भेटीची तारीख.

तुझा,
बाबा