तेरा हात आणि चार चषक

प्रिय विनायक,

सप्रेम नमस्कार.

‘ग्रँड स्लॅम’ पत्त्यांतून टेनिसमध्ये गेलं हे तुला ठाऊक आहेच. तुझ्या टिपणासाठी तुझा प्रश्न आहे की जाताना त्याने सोबत नेमकं काय नेलं. माझ्या मते जे नेलं त्यातलं निम्मं आज हरवलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

‘स्लॅम’ म्हणजे सगळे हात आपणच करणं, हा अर्थ इंग्लंडच्या पत्त्यांत सतराव्या शतकापासूनचा. व्हिस्ट या जुन्या खेळात तेच, पुढे ऑक्शन ब्रिज या खेळातही तेच: बारा हात केले की छोटा स्लॅम, 50 गुण, तेराही केले की ग्रँड स्लॅम, 100 गुण. बोली, म्हणजे किती हात करू हे आधी सांगणं, कितीचीही असो, हात झाले की गुण मिळत. आपल्या मेंढीकोटात तेराही हात ओढले तर ‘आधी सांगितलं होतंस का’ असं कुणी विचारत नाही, तसंच.

हे बदललं 1925 मध्ये. अमेरिकन धनिक हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट ‘फिनलंड’ जहाजाने लॉस एंजेलिसहून पनामा कालव्यातून हवानाला चालला होता. त्या प्रवासात त्याने कॉन्ट्रॅक्ट ब्रिजची, म्हणजे आजच्या ब्रिजची, गुणपद्धत खेळून पाहिली. ‘व्हल्नरेबल’ (जिची बक्षिसं आणि दंड दोन्ही वाढलेले असतात ती बाजू) हा शब्द जहाजावरच्याच एका तरुणीने सुचवला. तिचं नाव मात्र पुढे कुणालाच आठवलं नाही, याची मला खरोखर हळहळ वाटते. नव्या पद्धतीत स्लॅमचे गुण हवेत तर तो आधी बोलायलाच हवा. बोलीचा आकडा पहिल्या सहाच्या वरच्या हातांचा असतो, म्हणून सातची बोली केलीस की तेराही हात करायचे, एकही सोडायचा नाही.

आता हिशेब बघ, कारण गंमत सगळी त्यातच आहे. आजच्या डुप्लिकेट (तेच पत्ते वेगवेगळ्या टेबलांवर खेळून तुलना करायची) गुणांनी व्हल्नरेबल असताना सात नो-ट्रम्प (हुकुमाशिवाय) बोलून केलेस तर 220 हातांचे, 500 गेमचे आणि 1500 ग्रँड स्लॅमचे, मिळून 2220. त्याच पत्त्यांवर सहा बोलून तेरा हात केलेस तर 1470, म्हणजे धाडसाची कमाई 750. पण सात बोलून बाराच हात झाले, तर सहाला मिळाले असते ते 1440 जातात आणि वर 100 उलटे बसतात: फटका 1540 चा. म्हणून दुसऱ्या टेबलावर सहा बोलले जाणार असतील, तर सात बोलायला तीनात दोनदा तरी यश येईल एवढी खात्री हवी. हुकुमाची राणी बाहेर आहे आणि सगळं फिनेसवर, म्हणजे ती दोघांपैकी नेमकी कुणाकडे आहे यावर, टांगलंय? ती संधी निम्मीच, सहावर थांब. बाहेरची पाच हुकुमं विरुद्ध दोघांत 3-2 फुटली की झालं, एवढंच हवं असेल तर 68 टक्के. काठावर, पण बोलता येतं. दोघांच्या पानांचे (एक्का 4, राजा 3, राणी 2, गुलाम 1) मिळून 37 गुण असले की नो-ट्रम्पला सात बोलतात त्याचं कारण साधं आहे: एकूण 40 पैकी बाहेर तीनच उरतात, म्हणजे विरुद्ध बाजूकडे एक्का असूच शकत नाही.

1930 च्या सुमारास अमेरिकेत घरोघर ब्रिजचं वेड होतं, त्यामुळे वाचकांना हे समजावून सांगावं लागत नसे. त्या वर्षी बॉबी जोन्सने गोल्फच्या ब्रिटिश आणि अमेरिकन, ओपन आणि ॲमॅच्युअर अशा चारही स्पर्धा जिंकल्या. अटलांटाचा पत्रकार ओ. बी. कीलर याने त्याला ग्रँड स्लॅम म्हटलं. टेनिसची पाळी 1933 ची. ऑस्ट्रेलियाचा जॅक क्रॉफर्ड ऑस्ट्रेलियन, फ्रेंच आणि विम्बल्डन जिंकून बसला होता. जुलैत पत्रकार ॲलन गूल्डने हा शब्द वापरला. चौथ्या, म्हणजे फॉरेस्ट हिल्सला होणाऱ्या अमेरिकन स्पर्धेच्या अंतिम सामन्याआधी ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या जॉन कीरनने लिहिलं, की क्रॉफर्ड जिंकला तर ते कोर्टावर ‘डबल केलेला, व्हल्नरेबल’ ग्रँड स्लॅम केल्यासारखं होईल.

‘डबल’ आणि ‘व्हल्नरेबल’ हे दोन शब्द हल्ली सगळे गाळतात आणि तिथेच नेम चुकतो. डबल म्हणजे ‘तुला जमणार नाही’ असं विरुद्ध बाजूने ठणकावून सांगणं. जमलं तर 2490. एक हात गेला तरी 200 उलटे. क्रॉफर्ड दोन सेट विरुद्ध एक असा पुढे होता, आणि फ्रेड पेरीने शेवटचे दोन सेट 6-0, 6-1 असे घेतले. तेरावा हात गेला. फरक एवढाच, की टेनिसमध्ये आधीचे तीन चषक कपाटात राहतात. ब्रिजमध्ये बारा हातांचं काहीच मिळत नाही.

एकाच वर्षात चारही पहिल्यांदा जिंकले डॉन बजने, 1938 मध्ये. एकेरीत पुढे मॉरीन कॉनोली 1953, रॉड लेव्हर 1962 आणि 1969, मार्गारेट कोर्ट 1970, स्टेफी ग्राफ 1988. तेवढेच. ग्राफची कामगिरी मला सर्वांत अवघड वाटते, कारण आधीच्या सर्वांना चारपैकी तीन स्पर्धा हिरवळीवर मिळाल्या. तिला हार्ड कोर्ट, माती आणि हिरवळ, तिन्ही पार करावी लागली. आज एकेरीत चार स्पर्धांत मिळून 28 सामने सलग जिंकावे लागतात. 2021 मध्ये जोकोविचने 27 जिंकले आणि अठ्ठाविसाव्यात मेदवेदेवने त्याला सरळ सेटमध्ये हरवलं.

म्हणून आपल्या क्रीडापानांवर ‘अमक्याचं विसावं ग्रँड स्लॅम’ असं छापतात तेव्हा मला ते पटत नाही. तो एक हात झाला. तुझ्या टिपणात निदान ‘ग्रँड स्लॅम स्पर्धा’ असं लिही, आणि कीरनचं वाक्य दिलंस तर पुरं दे.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
श्रीधर